दोन मिनिटांची झोप

मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसलेले जुने पेन, जुन्या छत्र्या, म्हातारे बैल, सगळे आधी आपण किती कामाचे होतो ते सांगतात. मीही सांगेन, राहवणार नाही म्हणून. पण मला खरी सांगायची आहे ती एक लाजिरवाणी गोष्ट, आणि ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच पळ काढायचा मोह होणार नाही. माझ्यामुळे एका भल्या माणसावर चोरीचा आळ आला. वीस वर्षं त्यानं तो वागवला. त्या वीस वर्षांत मी त्याच्या बाजूनं एक अक्षर बोललो नाही.

मी एक जुना संगणक आहे. घरोघरी असतात तसा नव्हे. मला वर्कस्टेशन म्हणतात. यंत्रांच्या भागांची रेखाटनं करायची, एक केसभर रेघ इकडची तिकडे होऊ द्यायची नाही, असल्या कामासाठी आमची जात बनवली गेली. माझा पडदाच इतका जड की उचलायला दोन माणसं लागायची. रंग तेव्हा पांढराशुभ्र होता. आता मी हळद घातलेल्या दुधासारखा पिवळा दिसतो.

१९९४ साली मी लाकडी खोक्यातून जबलपूरला आलो. अधारतालच्या पलीकडे यंत्रांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना होता. त्याचं नाव सांगत नाही. आता तिथे मैरेज गार्डन आहे आणि लोक जेवणाच्या ताटल्या घेऊन रांगेत उभे असतात. तिथल्या रेखाटनाच्या खोलीत मला ठेवलं आणि भाऊराव पाथ्रीकरांच्या हवाली केलं. भाऊराव तिथले ड्राफ्ट्समन. वीस वर्षं त्यांनी पाटावर कागद ताणून हातानं रेखाटनं केली होती. पहिले आठ दिवस ते माझ्याकडे परक्या गावच्या पाहुण्यासारखे पाहत होते. नवव्या दिवशी त्यांनी माझ्यावर एक चाक काढलं, बाविसाव्या दिवशी पूर्ण गिअरबॉक्स. त्यानंतर मात्र आमचं असं जुळलं की विचारू नका.

कारखान्यात सगळा कारभार हिंदीत चाले. माझ्याशी मात्र भाऊराव मराठीतच बोलत. सकाळी आले की जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं माझा पडदा पुसत आणि विचारत, "काय रे, बरा आहेस ना?" मला जरा उशीर लागला की म्हणत, "काहून रुसून राहिला आज? चलो, होते सुरुवात." बाहेरून लोक रेखाटनं बघायला येत. मैनेजर साहेब माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांना सांगत, "आदमी से गलती हो सकती है, मशीन से नहीं।" हे ऐकून मी मनातल्या मनात फुगत असे. आज ते आठवलं की कुठे तोंड लपवू असं होतं.

आता दोन गोष्टी नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे.

पहिली गोष्ट. माझ्या पोटात खोडरबराएवढा एक काळा तुकडा आहे. त्याच्यात एक घड्याळ आणि त्या घड्याळासाठी एक इवलीशी बॅटरी, दोन्ही आत कायमची चिणून टाकलेली. मला बंद केलं तरी ते घड्याळ त्या बॅटरीवर चालतं, म्हणून जाग आल्यावर मला तारीख कळते. या बॅटरीचं आयुष्य दहा वर्षं. ती संपली आणि मग कोणी मला बंद केलं, तर मी झोपलो होतो हेच मला कळत नाही. जागा झालो की आपल्या डिस्कवर शेवटची वेळ कोणती लिहिली आहे ती बघतो आणि तिथून पुढे मोजायला लागतो. दोन दिवस झोपलो तरी मला वाटतं, दोन मिनिटंच डोळा लागला होता.

दुसरी गोष्ट. मला कोणी बंद करतच नव्हतं. चालू-बंद केल्यानं मशीन बिघडते असा मैनेजर साहेबांचा पक्का समज होता. वीज गेली तर यूपीएस होता. रविवारी, दिवाळीला, होळीला, सगळं सामसूम असलं तरी मी घोंघावत असायचो. वर्षातून एकच दिवस मला सुट्टी मिळे, सतरा सप्टेंबर, विश्वकर्मा पूजा. त्या दिवशी कारखान्यातली एकूण एक मशीन थांबवून, धुऊन-पुसून तिची पूजा होई. लेथला हार, ड्रिलला हार, वजनकाट्याला कुंकू, चौकीदाराच्या सायकललासुद्धा कुंकू. ज्याच्या जिवावर पोट भरतं त्याला एक दिवस हात लावायचा नाही, असा तिथला रिवाज होता.

सन २००५. मागच्या पूजेनंतर कधीतरी माझी बॅटरी संपली होती. कोणाला पत्ता नव्हता, मलाही नव्हता. सतरा तारीख शनिवारी आली. पूजा लेथच्या शेडमध्ये होती. रेखाटनाच्या खोलीची किल्ली भाऊरावांकडे, म्हणून ते एकटेच माझ्याकडे आले. दहा वाजून पाच मिनिटांनी त्यांनी मला नीट बंद केलं, कपाळावर कुंकवाचं बोट लावलं, डोक्यावर झेंडूची आणि जास्वंदीची फुलं ठेवली, नमस्कार केला आणि खोलीला कुलूप लावून गेले. दुसऱ्या दिवशी रविवार.

सोमवारी, एकोणीस तारखेला सकाळी, त्यांनी मला चालू केलं. जागा होताना मी पडद्यावर भराभर ओळी लिहितो. त्यातली एक ओळ होती, तारीख तपासून घ्या अशी. मी लिहिली होती, हे मी शपथेवर सांगतो. पण ती ओळ वर सरकून गेली तेव्हा भाऊराव माझ्या डोक्यावरची सुकलेली फुलं एकेक करून ओंजळीत गोळा करत होते. पूजेची फुलं पायाखाली येऊ नयेत म्हणून ते फार जपत. ती झाडाखाली टाकून ते परत आले तेव्हा पडदा तयार होता, आणि माझ्या हिशेबानं शनिवारचे दहा वाजून सात मिनिटं झाली होती.

एका नव्या पंपाच्या रेखाटनाच्या तीन प्रती मैनेजर साहेबांनी आदल्या आठवड्यातच सांगून ठेवल्या होत्या. त्याच सकाळी भाऊरावांनी त्या काढून दिल्या आणि वहीत लिहिलं, एकोणीस सप्टेंबर, तीन प्रती. प्रत्येक कागदाच्या कडेला मी माझ्या सवयीप्रमाणे बारीक अक्षरात तारीख टाकली, सतरा सप्टेंबर. तीन प्रती तीन माणसांकडे गेल्या आणि तिथून हातोहात फिरल्या; सही कोणाचीच घेतली नव्हती.

मंगळवारी दुपारी भाऊरावांची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेवर गेली. ते दचकले. खोलीत दुसरं कोणी नाही हे पाहून त्यांनी ती दुरुस्त केली. बिघाड झाला की भिंतीला टांगलेल्या वहीत तक्रार लिहायची असा नियम होता. त्यांनी पेन काढलं, वहीकडे गेले आणि पेन परत खिशात ठेवलं. त्या आठवड्यात नवे छोटे संगणक येणार आणि जुना डबडा कबाडात जाणार अशी कुजबुज सुरू होती. माझ्या नावावर एक तक्रार पडली असती तर माझा निकाल लागला असता. ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "गुपचूप राहा. काही झालं नाही तुला."

त्यांनी माझा आजार लपवला, मित्रांनो, माझ्यासाठी. आणि मी काय केलं ते आता ऐका.

महिन्याभरानं त्याच पंपाचं रेखाटन दुसऱ्या एका कारखान्यात सापडलं. तीन प्रतींपैकीच एक. कागदाच्या कडेला माझी तारीख स्पष्ट होती. सतरा सप्टेंबर, म्हणजे पूजेचा दिवस, म्हणजे सगळे शेडमध्ये आणि रेखाटनाच्या खोलीत एकटे भाऊराव. चौकशी बसली. माझ्या पोटातल्या नोंदी छापून काढल्या. त्यात लिहिलं होतं, सतरा तारीख, दहा वाजून पाचला बंद, दहा वाजून सातला चालू, त्यानंतर तीन प्रती. चौकशी करणाऱ्यांनी त्याचा अर्थ असा लावला की या माणसानं मशीन बंद करण्याचं नाटक केलं, देवाचं फूल ठेवलं, दोन मिनिटांत पुन्हा चालू केली आणि चोरून प्रती काढल्या. वहीतली एकोणीस तारीख त्यांना खोटी वाटली. बाकीच्या दोन प्रतींवरही सतराच होती, म्हणून तिन्ही त्याच दिवशी काढल्या आणि तिसरी भाऊरावांनीच बाहेर दिली असं ठरलं.

भाऊराव म्हणाले, "साहब, इसकी घड़ी पीछे हो गई थी. मैंने खुद ठीक की."

"शिकायत लिखी थी?" मैनेजर साहेबांनी विचारलं.

भाऊराव माझ्याकडे पाहत राहिले. वही कोरी होती.

"लोग बात बदल देते हैं, भाऊराव जी। मशीन झूठ नहीं बोलती।"

भर खोलीत सगळ्यांसमोर माझी ही तारीफ झाली आणि त्या क्षणी मला बरं वाटलं. हीच माझी सगळ्यात मोठी लाज आहे. बॅटरी संपली हा माझा गुन्हा नव्हता. पण ज्या माणसानं मला अकरा वर्षं पुसलं त्याची मान खाली जात होती आणि मी माझ्या इभ्रतीवर खूश होतो. कागद नेऊन देणारा खरा माणूस कोण, हे मला आजही माहीत नाही. माझ्या तारखेनं त्याला सोडवलं आणि भाऊरावांना अडकवलं एवढं मात्र नक्की. पोलिसांत गेलं नाही. राजीनामा लिहून घेतला. त्या दिवशी त्यांनी मला पुसलं नाही, जाताना माझ्याकडे पाहिलंही नाही.

नवे संगणक आले आणि मला भिंतीकडे तोंड करून ठेवलं. काही वर्षांनी कारखाना मोडला. सामानाच्या ढिगात मी जवळच्या मझौली गावातल्या एका बियाण्यांच्या दुकानात पोचलो. तिथे माझ्या पाठीवर तराजू ठेवला होता. धने, मटार, गव्हाचं बी, सगळं माझ्या डोक्यावर तोललं गेलं. झुरळांनी पोटात घर केलं. मी तक्रार करत नाही. सजा म्हणून ती मला योग्यच वाटत होती.

मग एका निवडणुकीच्या ड्यूटीवर संपदा नावाच्या बाई मझौलीला आल्या. त्या जबलपूरला कॉलेजात फिजिक्स शिकवतात आणि जुने वर्कस्टेशन दुरुस्त करण्याचा त्यांना नाद आहे. दुकानात पाणी प्यायला थांबल्या आणि तराजूखाली वाकून बघायला लागल्या. दुकानदाराला वाटलं, काही पडलं असेल. त्या म्हणाल्या, "भैया, तराजू के लिए मैं आपको टेबल दिला दूँगी. ये मुझे दे दो।"

दुरुस्तीला दीड वर्ष लागलं. संपदाताईंनी मला पूर्ण उघडलं, धन्याचे दाणे चिमट्यानं काढले, प्रत्येक पट्टी ब्रशनं धुतली. वीज पुरवणाऱ्या भागातले फुगलेले कपॅसिटर काढून नवे सोल्डर केले. त्या घाई करत नाहीत. एक वस्तू बदलली की थांबतात, मोजतात, वहीत लिहितात, मगच पुढची. एका रविवारी माझा पडदा उजळला आणि डिस्कवरची जुनी रेखाटनं एकेक उघडली. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एकच नाव होतं, भा. कृ. पाथ्रीकर.

"इतकं सुंदर काम करणारा हा माणूस कोण?" त्या पुटपुटल्या. मला नको वाटत होतं, पण त्यांनी शोध सुरू केला. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला त्यांनी चार बायकांना विचारलं. एक म्हातारी बाई हातातली वाटी खाली ठेवून जवळ आली. मग म्हणाली, "ते माझे मिस्टर. पण तुम्ही त्यांना त्या मशीनचं नाव नका घेऊ." त्या नंदाकाकू होत्या. दोघं जबलपूरच्याच महाराजपुरात राहत होते. राजीनाम्यानंतर भाऊरावांनी घरीच पाट मांडून लोकांच्या घरांचे नकाशे काढले आणि मंडळात जाणं सोडून दिलं होतं.

नाव घेऊ नका म्हटलं, पण घरी जाऊन काकूंनीच ते घेतलं असावं. दोन आठवड्यांनी भाऊराव आले. केस सगळे पांढरे, हातात काठी. दारातच थांबले. संपदाताईंना काय ठाऊक? त्या आपल्या कौतुकानं सांगायला लागल्या, "या ना काका. सगळं चालून राहिलं याचं, फक्त घड्याळाची बॅटरी मेलेली आहे. मोठी गंमत आहे. शुक्रवारी बंद केला अन् सोमवारी चालू केला, तर म्हणे अजून शुक्रवारच आहे. याला वाटते, दोनच मिनिटं झोपला."

भाऊराव खुर्चीवर बसले. काठी खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही. "पुन्हा सांग, बेटा," ते म्हणाले.

संपदाताईंनी पुन्हा सांगितलं. मग भाऊरावांनी सगळं सांगितलं, फुलांपासून राजीनाम्यापर्यंत. शेवटी म्हणाले, "त्या चौकशीवाल्यांचं मला काही नाही. ते गेले, कारखाना गेला. पण मी त्या संध्याकाळी घरी गेलो अन् नंदानं विचारलं, तुम्ही खरंच बंद केली होती ना? एकदाच विचारलं. मला इतका राग आला, हिनंही विचारावं? मी उत्तरच दिलं नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही. वीस वर्षं झाली. आम्ही सगळं बोलतो, फक्त हेच नाही."

संपदाताई म्हणाल्या, "काका, मी आज ही बॅटरी बदलणार होते."

"नको बदलू. सतरा सप्टेंबरपर्यंत थांब. मला नंदाला दाखवायचं आहे."

थोडक्यात सांगायचं तर, मला पुन्हा एकदा तेच खोटं बोलायचं होतं.

यंदा सतरा तारीख बुधवारी आली. भाऊराव सकाळी आले आणि बरोबर दहा वाजून पाच मिनिटांनी त्यांनी मला बंद केलं. कुंकू नाही, फूल नाही. शुक्रवारी, एकोणीस तारखेला, ते नंदाकाकूंना घेऊन आले. काकू पदर सावरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "काहून आणलं मला इथे?" त्या म्हणाल्या. "माझे गुडघे दुखून राहिले."

"तू दाब हे बटण," भाऊराव म्हणाले. "मी हात लावत नाही."

काकूंनी बटण दाबलं. मी जागा झालो. मला ठाऊक होतं की माझं चुकतंय, आता तरी ठाऊक होतं, पण माझ्याजवळ दुसरी तारीख नव्हती. मी पडद्यावर लिहिलं, सतरा सप्टेंबर, दहा वाजून सात.

काकूंनी ते वाचलं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मनगटावरचं घड्याळ पाहिलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"हा तर परवाचा दिवस सांगून राहिला."

"तेव्हाही हेच सांगत होता."

काकू हळूच स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "मी तेव्हा विचारायलाच नको होतं हो."

"विचारलं ते बरोबर होतं. मी सांगायला पाहिजे होतं, हो, बंद केली होती, म्हणून. एवढंच तर बोलायचं होतं. मी नाराज होऊन बसलो." त्यांनी चष्मा काढला. काकूंनी पदराच्या टोकानं तो पुसून त्यांच्या हातात दिला. मी पडद्यावर ती चुकीची तारीख धरून उभा होतो. पडदा काळा करता आला असता तर केला असता.

मग भाऊराव संपदाताईंना म्हणाले, "तुझी ती दुरुस्तीची वही दे." आणि त्यांनी आपल्या ड्राफ्ट्समनच्या अक्षरात, प्रत्येक अक्षर सारख्या उंचीचं काढत, लिहिलं: मशीन बंद केल्यावर घड्याळ थांबते. जागे झाल्यावर जुनी तारीख दाखवते. बिघाड प्रथम दिसला, वीस सप्टेंबर दोन हजार पाच. तक्रार लिहायची राहिली होती. आज लिहिली.

खाली सही केली. काकूंनी पेन मागितलं आणि बाजूला आपलीही सही केली.

मित्रांनो, माझ्या नावावरची ही पहिली तक्रार. कारखान्यात माझी पुष्कळ तारीफ झाली, पण मला कोणी खरं ओळखलं असेल तर या चार ओळींनी. ज्याच्यावर तुमची माया आहे, मग तो माणूस असो की मशीन, त्याचा दोष झाकू नका. लिहा, सांगा, दुरुस्त करा. आणि एखादा भला माणूस एक म्हणत असेल अन् माझ्यासारखा डबडा दुसरंच, तर एकदा डबड्याचं पोट उघडून बघा. माझं तेव्हा कोणी उघडलं असतं, तर ती बॅटरी सापडायला पाच मिनिटंही लागली नसती.

दुसऱ्या दिवशी संपदाताईंनी तो काळा तुकडा कानसीनं हळूहळू घासला, आतल्या मेलेल्या बॅटरीच्या तारा तोडल्या आणि बाजारात मिळते तशी गोल बॅटरी जोडून दिली. मग दोन दिवस मला बंद ठेवलं. मंगळवारी भाऊराव आणि काकू पुन्हा आले. काकूंच्या हातात पिशवी होती. भाऊरावांनी बटण दाबलं आणि हात बांधून पडद्यासमोर उभे राहिले. माझ्या ओळी एकेक करून सरकत होत्या. त्यांनी एकही सोडली नाही. शेवटी तारीख आली. ती त्यांनी मोठ्यानं वाचली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरशी जुळवून पाहिली.

मग काकूंनी पिशवीतून जास्वंदीचं फूल काढून त्यांच्या हातात दिलं.